जपानमधल्या गरम झऱ्यांच्या गावी पहिल्यांदा जाताना

जपानची पहिली सहल म्हटली की टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका आणि परत, असाच आराखडा बहुतेकांच्या हातात पडतो. त्यात गरम झऱ्याचं एखादं गाव आलंच, तर दुपारच्या दोन तासांच्या थांब्यापुरतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की तसं करू नका. ही गावं, म्हणजे ओन्सेनची गावं, संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी आठच्या आत खरी जिवंत असतात. दुपारी तिथे दुकानं आणि गर्दी दिसते. मुक्काम केलात तर स्नान, जेवण, रात्रीचा फेरफटका आणि पहाटेचं पुन्हा स्नान, हे सगळं मिळतं. त्यासाठी दोन शहरं कमी केली तरी चालतील.

अडचण एवढीच की खेड्यातल्या मुक्कामाचे रिवाज शहरातल्या हॉटेलपेक्षा फार वेगळे आहेत आणि ते आधी कुणी सांगत नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

१. आधी गाव निवडा

जपानमध्ये ओन्सेन हजारांनी आहेत. १९४८च्या कायद्यानुसार जमिनीतून २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम निघणारं, किंवा ठरावीक खनिजं असलेलं पाणी ओन्सेन ठरतं. त्यामुळे महामार्गालगतचं टोलेजंग हॉटेलही ओन्सेन असू शकतं. पहिल्या खेपेला मात्र असं गाव घ्या, जिथे स्टेशनवरून किंवा बसथांब्यावरून चालत सगळीकडे जाता येतं.

माझी पहिली शिफारस किनोसाकी. ह्योगो प्रांतात, जपानच्या समुद्राच्या बाजूला. क्योटो किंवा ओसाकाहून थेट एक्स्प्रेस गाडीने अडीच ते पावणेतीन तास. १९२५च्या भूकंपात गाव जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त झालं आणि पुन्हा लाकडी घरांचंच उभं राहिलं. मधून ओतानी नावाची छोटी नदी, दोन्ही काठांना विलोची झाडं, त्यावर दगडी पूल. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांना त्या सगळ्यांचा पास मोफत मिळतो. इचि-नो-यु मध्ये गुहेसारखं कुंड आहे, गोशो-नो-यु मध्ये उघड्यावरच्या कुंडासमोर धबधबा, आणि कोउ-नो-यु बद्दल आख्यायिका अशी की जखमी करकोचा तिथल्या पाण्यात बरा होताना लोकांनी पाहिला. प्रत्येक स्नानगृहाची साप्ताहिक सुट्टी वेगळी असते, एखादं दुरुस्तीसाठी बंदही असतं. पोचल्याबरोबर ऱ्योकानमध्ये, म्हणजे तुमच्या पाहुणघरात, विचारा: आज कुठलं बंद, उद्या कुठलं.

टोकियोहून जाणार असाल तर कुसात्सु. उएनोहून एक्स्प्रेसने नागानोहारा-कुसात्सुगुचीपर्यंत साधारण अडीच तास, पुढे बसने सुमारे पंचवीस मिनिटं. गावाच्या मधोमध वाफाळणारं युबाताके आहे, लाकडी पन्हळींतून गरम पाणी वाहतं आणि वाहता वाहता निवतं. इथलं पाणी तीव्र आम्लधर्मी आहे, पीएच दोनच्या आसपास. कातडीवर साधा ओरखडा असला तरी झोंबतं. पाणी इतकं कढत असतं की त्यात गार पाणी घालून ते पातळ करण्यापेक्षा लांब फळ्यांनी घुसळून निववण्याची जुनी पद्धत आहे. तिला युमोमी म्हणतात. ती आज पाहुण्यांना गाण्यासह दाखवतात.

क्युशूला जाणार असाल तर कुमामोतोच्या डोंगरातलं कुरोकावा घ्या. तिथे लाकडी चकतीचा पास घेऊन वेगवेगळ्या ऱ्योकानमधल्या कुंडांत जाता येतं. बर्फातले फोटो पाहून यामागाताचं गिन्झान सगळ्यांना हवं असतं. ते सुंदर आहेच, पण फार चिमुकलं आहे, खोल्या मोजक्या आहेत आणि हिवाळ्यात मुक्कामाशिवाय येणाऱ्यांवर निर्बंध आणले आहेत. पहिल्या सहलीचा सगळा बेत त्यावर बांधू नका.

२. कधी जायचं

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांचं नशीब चांगलं. ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला डोंगराळ भागात पानं लाल-पिवळी होतात, क्योटोत ती नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत जाणार असाल तर एप्रिलच्या अखेरचा आणि मेच्या पहिल्या आठवड्याचा काळ टाळा. तेव्हा जपान्यांची सलग सुट्टी असते आणि दर चढतात. ऑगस्टच्या मध्याला येणारा ओबोन हा पितरांचा सण आणि नववर्षाचे दिवस, हेही तसेच. जून-जुलै हा त्यांचा पावसाळा.

हिवाळा अवघड, पण ओन्सेनसाठी सर्वांत उत्तम. डोक्यावर बर्फ पडतो आहे आणि गळ्यापर्यंत गरम पाणी, हे एकदा तरी अनुभवावं. किनोसाकीला नोव्हेंबर ते मार्च खेकड्यांचा हंगाम असतो. खेकड्याचं जेवण महाग असतं, पण चिंबोरीवर जीव असलेल्या कोकणी माणसाने ते एकदा खावंच.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

हे थोडक्यात, कारण यादी बदलत असते. अधिकृत व्हिसा केंद्राच्या संकेतस्थळावरची त्या दिवशीची यादीच खरी माना. साधारण लागतं ते असं:

- किमान दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट आणि अलीकडचा फोटो
- भरलेला अर्ज
- विमानाचं आरक्षण
- दिवसवार कार्यक्रम, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाच्या पत्त्यासह
- बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरी करत असाल तर रजेचं पत्र

भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. इथे एक सापळा आहे. विमानतळावर व्हिसाची सूचना फोनवर इंटरनेट चालू ठेवून प्रत्यक्ष दाखवावी लागते. प्रिंट, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून जपानमध्ये उतरल्याक्षणी चालेल असा डेटा आधीच घ्या.

औषधांकडेही लक्ष द्या. स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेली सर्दी-खोकल्याची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. घरातल्या औषधांच्या डब्यातलं खोकल्याचं सिरप उचलून बॅगेत टाकण्याआधी लेबल वाचा. ताजी फळं, ताजा कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका.

४. ऱ्योकानचं बुकिंग

ऱ्योकान म्हणजे पारंपरिक पाहुणघर. तातामीच्या चटयांची खोली, रात्री जमिनीवर गादी, आणि बहुधा दोन वेळचं जेवण त्यातच. घरगुती आणि स्वस्त असेल तर त्याला मिन्शुकु म्हणतात.

दर खोलीचा नसून माणशी असतो, हे आधी लक्षात घ्या. स्क्रीनवर वीस हजार येन दिसले म्हणून दोघांचं तेवढ्यात भागेल असं समजू नका. दोन जेवणांसह चांगल्या ऱ्योकानला माणशी पंधरा ते तीस हजार येन सहज लागतात. माणसांची संख्या अचूक भरा, मुलांची वयंही, कारण गाद्या, युकाता (तिथला सुती झगा) आणि ताटं त्या हिशेबाने तयार होतात. स्नानाचा छोटा कर, बहुधा माणशी १५० येन, वेगळा द्यावा लागतो.

वेळा काटेकोर असतात. दुपारी तीनच्या सुमारास खोली मिळते, सकाळी दहाला सोडायची असते, आणि रात्रीचं जेवण सहा-सातला. आठ वाजता पोचून "जेवण ठेवा" म्हणता येत नाही. पाचच्या आत पोचा. गाडी चुकली तर लगेच फोन करा, न कळवता उशीर करणं तिथे फार वाईट दिसतं. ऐनवेळी रद्द केलं तर पूर्ण पैसे जाऊ शकतात, तेव्हा रद्द करण्याच्या अटी वाचूनच पैसे भरा.

जमलं तर दोन रात्री घ्या. पहिली रात्र सगळं समजून घेण्यात जाते, दुसऱ्या दिवशी खरा निवांतपणा मिळतो. रविवार ते गुरुवार दर कमी असतात आणि कुंडं मोकळी असतात.

५. जेवणाचं आधी कळवा, आणि नीट कळवा

आपल्या लोकांची सर्वांत मोठी अडचण इथे होते. ऱ्योकानचं जेवण दहा-बारा छोट्या पदार्थांचं असतं आणि त्याची तयारी दिवसभर आधी सुरू होते. टेबलावर बसल्यावर "आम्ही शाकाहारी" सांगितलंत, तर स्वयंपाकघराची खरोखर पंचाईत होते आणि तुमच्यापुढे नुसता भात-लोणचं येतं.

नुसतं "शाकाहारी" म्हणणंही पुरत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी हा रस्सा, आणि तो बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचा असतो. भाजी, टोफू, मिसो सूप, नूडल्सची चटणी, सगळ्यात तो असतो. त्यामुळे बुकिंग करतानाच काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन लिहा: मांस, मासे, शिंपले, अंडी, माशाचा दाशी. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही. काही ऱ्योकान स्पष्ट सांगतात की जमणार नाही. तो प्रामाणिकपणा समजून घ्या आणि जेवणाशिवाय खोली घ्या किंवा दुसरीकडे पाहा.

मांसाहारी मंडळींनो, तुम्हीही बेफिकीर राहू नका. किनोसाकीचा परिसर ताजिमा गोमांसासाठी आणि मध्य जपानमधल्या ताकायामाचा हिदा गोमांसासाठी प्रसिद्ध आहे. रात्रीच्या जेवणात छोट्या शेगडीवर येणारे मांसाचे काप बहुधा त्याचेच असतात. चालत नसेल तर आठवडाभर आधी कळवा, बदल्यात मासे किंवा कोंबडी देतात.

ही वाक्यं फोनमध्ये ठेवा, मोठ्याने वाचली तरी समजतात:

- "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन." मांस आणि मासे खात नाही.
- "कात्सुओ नो दाशि मो ताबेरारेमासेन." बोनितोचा दाशीही चालत नाही.
- "ग्यूनिकु वा ताबेरारेमासेन." गोमांस खात नाही.
- "तामागो वा ताबेरारेमासेन." अंडी खात नाही.

खोलीत गरम पाण्याची किटली असते. गरम पाणी ओतून होणारे पोहे, उपमा, सोबत मेतकूट आणि चिवडा असला की एखादी वेळ निभावते. खोलीत शेगडी किंवा इंडक्शन मात्र अजिबात लावू नका. तातामीत शिरलेला फोडणीचा वास निघत नाही, आणि आगीची भीती वेगळीच.

६. प्रवास, सामान, पैसे

देशभराचा जेआर (जपान रेल्वे) पास ऑक्टोबर २०२३मध्ये बराच महागला, सात दिवसांचा २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. एकदोन गावांसाठी तो आता क्वचितच परवडतो. त्याऐवजी प्रादेशिक पास पाहा. किनोसाकीसाठी कान्साइ भागाचा वाइड एरिया पास चालतो.

मोठी बॅग खेड्यात ओढत नेऊ नका. तिथल्या बसमध्ये जागा नसते, दगडी रस्त्यावर चाकं चालत नाहीत, आणि बर्फात तर हालच. जपानमध्ये ताक्युबिन नावाची सेवा आहे. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, बहुधा दुसऱ्या दिवशी बॅग तिथे पोचते. क्योटोहून बॅग थेट टोकियोला पाठवा आणि ओन्सेनला पाठीवरची एक पिशवी न्या. सगळा प्रवास हलका होतो.

खेड्यातल्या बसमध्ये चढताना दाराजवळच्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्या. पुढच्या फलकावर तुमच्या नंबराखाली भाडं दिसतं. उतरताना चिठ्ठी आणि सुटे पैसे चालकाजवळच्या पेटीत टाका. शहरातलं रेल्वे कार्ड इथे चालेलच असं नाही, म्हणून रोख येन हवेतच. पोस्टातली आणि सेव्हन-इलेव्हनमधली एटीएम परदेशी कार्ड घेतात. ते पैसे शहरात असतानाच काढा. शेवटची बस अनेक ठिकाणी संध्याकाळी लवकर सुटते, परतीच्या वेळापत्रकाचा फोटो उतरल्या उतरल्या काढून ठेवा.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. रस्त्याची बाजू आपलीच, डावी. बर्फाच्या दिवसांत, तशा रस्त्यांची सवय नसेल, तर चाकाला हात लावू नका.

७. ऱ्योकानमध्ये शिरल्यावर

दारातच बूट काढायचे. आतल्या स्लिपर वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या, आणि तातामीवर कुठल्याच नाहीत, फक्त मोजे किंवा अनवाणी. बॅगेची चाकं तातामीवर फिरवू नका.

खोलीत युकाता ठेवलेला असतो. डावी बाजू उजव्या बाजूवर आली पाहिजे, स्त्री-पुरुष दोघांनाही. उलटा फक्त मृतदेहाला नेसवतात. म्हणून चुकला तर ऱ्योकानची मालकीण धावत येऊन नीट करून देते. किनोसाकीत युकाता आणि खडावांसारख्या लाकडी गेता घालून रस्त्यावर फिरायचं असतं. संध्याकाळी गावभर गेतांची खटखट ऐकू येते, आजी-आजोबा, तरुण जोडपी, शाळकरी पोरं, सगळे हातात टॉवेलची टोपली घेऊन एका स्नानगृहातून दुसऱ्याकडे चाललेले. टिप द्यायची पद्धत नाही.

८. स्नान: पायरीपायरीने

वज्रेश्वरीच्या किंवा उन्हवऱ्याच्या कुंडात उतरताना आपण अंगावर कपडे ठेवतो. इथे अजिबात नाही. पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही. बायकांचा आणि पुरुषांचा विभाग वेगळा असतो. पहिली पाच मिनिटं लाज वाटते, मग लक्षात येतं की कुणी कुणाकडे पाहत नाही. तरीही मन तयार होत नसेल तर स्वतःवर जबरदस्ती करू नका. तासाच्या हिशेबाने मिळणारं खाजगी कुंड असतं, त्याला काशिकिरी म्हणतात. नवरा-बायको किंवा मुलांसह कुटुंब त्यात जाऊ शकतं. आणि फक्त पाय बुडवायचं आशियु रस्त्याच्या कडेला मोफत असतं. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी.

- दारावरचा पडदा पाहा. बहुधा लाल बायकांचा, निळा पुरुषांचा. पण रंगावर विसंबू नका, स्त्री आणि पुरुष यांच्या जपानी चिन्हांचा फोटो फोनमध्ये ठेवा. रात्री आणि सकाळी बाजू बदलतात, काल उजवीकडे गेलात म्हणून आजही जाऊ नका.
- दागिने खोलीतच काढा. गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते. जोडवी आणि पैंजण विसरले जातात, तेच आधी काढा.
- फोन कपड्यांच्या टोपलीच्या पुढे न्यायचा नाही. तिथे फोटो काढणं हा गंभीर गुन्हा मानला जातो.
- आत छोट्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवा, फेस राहू देऊ नका. उभं राहून पाणी उडवू नका. कुंड धुण्यासाठी नाही, स्वच्छ अंगाने बसण्यासाठी आहे. हा सगळ्या नियमांचा गाभा आहे.
- लांब केस वर बांधा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका, डोक्यावर किंवा काठावर ठेवा.
- आधी पायावर, मग अंगावर तांब्याभर पाणी घ्या, मग हळू उतरा. पाणी ४० ते ४२ अंशांचं, कधी त्याहून गरम असतं. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. बाहेर या, बसा, पुन्हा जा.
- कपडे बदलण्याच्या खोलीत परतण्यापूर्वी अंग पुसा. मग भरपूर पाणी प्या.

दारू पिऊन किंवा भरपेट जेवून लगेच जाऊ नका. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. पाळीच्या दिवसांत सामाईक कुंड टाळतात, काशिकिरीचंही आधी ऱ्योकानला विचारा. कुसात्सुसारख्या आम्लधर्मी पाण्यानंतर नाजूक कातडी असेल तर साध्या पाण्याने अंग धुवून घ्या.

टॅटूचा प्रश्न आहेच. अनेक ओन्सेनमध्ये टॅटू चालत नाही. आपल्या आज्यांच्या हाता-कपाळावरचं गोंदणही तिथे टॅटूच दिसतं, लग्नाची गडद मेंदीसुद्धा. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो, हे ते गाव सुचवण्याचं आणखी एक कारण. इतरत्र आधी विचारा. छोटं असेल तर चिकटपट्टीने झाकून भागतं.

९. जवळची खेडी जोडायची तर

मध्य जपानमधलं ताकायामा हा चांगला तळ आहे. नागोयाहून रेल्वेने साधारण अडीच तास. तिथून बसने सुमारे पन्नास मिनिटांवर शिराकावा-गो, तीव्र उताराच्या गवती छपरांच्या घरांचं गाव, १९९५पासून युनेस्कोच्या यादीत. लोक त्या घरांत राहतात. अंगणात शिरू नका, खिडकीतून आत डोकावू नका, आणि विडी-सिगारेट ठरलेल्या जागेखेरीज कुठेही नको, कारण एक ठिणगी पुरते. दुपारी गर्दी फार, म्हणून जमल्यास एक रात्र गवती छपराखाली काढा. हिवाळ्यातल्या दिव्यांच्या रोषणाईला आगाऊ आरक्षण लागतं. ताकायामाहून दुसऱ्या बाजूला तासाभरावर ओकुहिदाची ओन्सेन आहेत, डोंगर पाहत उघड्यावर बसायची कुंडं तिथे भरपूर.

चालायची हौस असेल तर जुन्या नाकासेन्दो मार्गावरचा मागोमे ते त्सुमागो हा आठेक किलोमीटरचा टप्पा घ्या. तीन तास धरा. मागोमेहून निघालात तर चढ कमी पडतो. नाकात्सुगावा स्टेशनहून मागोमेला बस आहे. वाटेत जागोजागी अस्वलांसाठी घंटा टांगलेल्या आहेत, जाताना जोरात वाजवा. हंगामात सकाळी दिलेली बॅग दुपारी दुसऱ्या गावच्या माहिती केंद्रात मिळते.

किनोसाकीला दुसरा दिवस मोकळा असेल तर सायकल घेऊन गेन्बुदोला जा. बेसॉल्टचे षट्कोनी खांब रचून ठेवल्यासारखी ती गुहा पाहिली की अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आठवते, दगड तोच. इथल्याच बेसॉल्टच्या अभ्यासातून मातुयामा या शास्त्रज्ञाला पृथ्वीचं चुंबकत्व पूर्वी कधीतरी उलटं होतं याचा पुरावा मिळाला.

१०. पाठीवरच्या पिशवीत

पासपोर्ट (परदेशी पाहुण्याने तो सतत जवळ ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे), रोख येन आणि नाण्यांचं पाकीट, ऱ्योकानचा पत्ता जपानी लिपीत, जेवणाची वाक्यं, सहज निघणारे बूट, न फाटलेले मोजे, केसांचं रबर, स्वतःची औषधं मूळ पाकिटात, आणि हिवाळा असेल तर न घसरणाऱ्या तळाचे बूट. टॉवेल आणि युकाता ऱ्योकान देतं, ते घरून नेऊ नका.